बुकित बातोकचा टारान्तेला

सिंगापूरहून परतल्यावर तळेगावात ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, “तो तोंडातून पाणी सोडणारा सिंह पाहिलात का?” नाही पाहिला. बावीस दिवसांत दोनदा त्याच्या बाजूनं गाडी गेली म्हणे, दोन्ही वेळा मी डुलक्या काढत होते. मी पाहिला तो इटलीतला एक नाच, टारान्तेला. सिंगापूरला जाऊन इटलीचा नाच बघणं म्हणजे नागपूरला जाऊन सोलकढी पिण्यातला प्रकार, पण माझं आयुष्यभर असंच होत आलंय. तरुणपणी पोस्टाच्या खिडकीत बसून परदेशी पाकिटांवर शिक्के मारताना मला वाटायचं, आपण एक दिवस विमानातून उतरू तेव्हा डोळ्यांवर गॉगल असेल आणि केस उडत असतील. उतरले तेव्हा गुडघ्याला पट्टा होता आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या बाईला मी तीनदा थँक्यू म्हटलं.

पोचले तो दिवस

माझी मुलगी ऋचा, जावई मंदार आणि दहा वर्षांची नात ईरा बुकित बातोकमध्ये एका सरकारी ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर राहतात. विमानतळावरून घरी जाताना टॅक्सीतच ऋचानं मला काम सांगून टाकलं.

“आई, तू नुसती राहायला आलेली नाहीस. जाताना मंदारच्या आईंना बरोबर घेऊन जायचंय.”

“त्या यायला तयार आहेत?”

“तयार असत्या तर तुला कशाला बोलावलं असतं?”

मंदारची आई म्हणजे माझ्या विहीणबाई, कुमुदताई. सात महिन्यांपूर्वी त्या आणि अण्णा, त्यांचे यजमान, दोघं पुण्याहून मुलाकडे आले. तिसऱ्या आठवड्यात अण्णा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवस तिथंच केले. तिथं कावळे पैशाला पासरी, पण उघड्यावर पक्ष्यांना खायला घालायला बंदी. दहाव्याला गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि झालं म्हणाले. कुमुदताईंच्या मते काही झालं नाही. खरा कावळा शिवलेला नाही म्हणजे माणसाचं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते कळेपर्यंत त्या घर सोडायला तयार नव्हत्या. त्यांच्या तिथं राहण्याच्या पासची मुदत महिनाअखेर संपत होती.

“मुदतवाढ मागता येईल गं,” ऋचा म्हणाली. “पण त्या रोज चार वाजता अण्णांसाठी चहा मांडतात आणि त्या कपाशी बोलत बसतात. ईरा शाळेतून चारलाच येते. हल्ली ती खालीच बसून राहते, आम्ही येईपर्यंत. तिला घरात जायची भीती वाटते.”

मी म्हटलं, त्यात काय, चार दिवसांत समजूत काढते. त्र्याहत्तराव्या वर्षीसुद्धा माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

बुधवार

चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. चिनी लोकांचा हा भुतांचा महिना, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखाच, फक्त आपले पंधरा दिवसांत आटोपतात आणि यांचे महिनाभर मुक्काम ठोकतात. ब्लॉकखाली पत्र्याच्या पिंपात लोक कागदी नोटा, कागदी सदरे, कागदी बूट जाळत. राख वर चढत अकराव्या मजल्यापर्यंत यायची आणि ऋचानं वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बसायची.

ईराच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळी तिच्याबरोबर भाजी आणायला गेले. गवताच्या कडेला कुणीतरी संत्री, भात आणि उदबत्त्या मांडल्या होत्या. एक उदबत्ती कलंडली होती. आपला हात गप्प बसत नाही. मी वाकून ती सरळ करायला गेले तर ईरानं मला दंडाला धरून मागं ओढलं.

“आज्जी, डोन्ट टच. नॉट यूअर्स ला.”

“अगं, नीट करते आहे.”

“ते ज्याचं आहे ना, तो नीट करेल.”

एवढंसं पोर, तिथल्यासारखं वाक्याच्या शेपटीला ‘ला’ लावणारं, पण असं बोलली की मी पिशवी उचलून चालायला लागले.

दुपारी चारला कुमुदताईंनी दोन कप मांडले. मी समोर बसले. तिथली उन्हं काही वेळा अशी पांढरीफटक पडतात की भिंत, टेबल, माणूस सगळं एका रंगाचं दिसतं. पंखा बंद होता. आणि टेबलावर बोटं वाजली. धा धी ना, धा ती ना. फार हळू. कुणी विचार करता करता बोटांनी ताल धरावा तसं.

मी कुमुदताईंच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते.

“ऐकलंत?” त्या म्हणाल्या. “दादरा. त्यांना सवय. जेवताना ताटसुद्धा सोडत नसत.”

“खालून येत असेल कुठून तरी.”

“असेल,” त्या म्हणाल्या आणि समोरच्या कपातली साय चमच्यानं काढून बशीत ठेवली. अण्णांना साय चालत नसे. मी माझा चहा संपवला.

गुरुवारी मी समजूत काढायला बसले. कुमुदताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमचे हे गेले तेव्हा कावळा लगेच शिवला होता ना?”

“घासही मांडून झाला नव्हता. भुकेले गेले होते बहुतेक.”

“मग तुम्हाला नाही कळायचं.”

माझी चार दिवसांची मुदत तिथंच संपली.

शनिवार

शनिवारी चारच्या सुमारास तोच ताल मोठ्यानं आला. या वेळी त्याला झांजांची किणकिण होती आणि तो खरोखरच खालून येत होता. मला इतका आनंद झाला की मी कुमुदताईंना चपला घालायलाही वेळ दिला नाही. “चला, तुमचे अण्णा दाखवते,” म्हटलं. ईरा खाली बाकावर बसलेली होती, तीही मागून आली.

शेजारच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर रहिवाशांची एक खोली आहे. तिथं कधी योगासनं चालतात, कधी म्हाताऱ्यांचं कॅरम. त्या दिवशी जमिनीवर पांढरी चादर अंथरली होती, भिंतीवर रंगीत रुमाल टांगले होते, भोवती सात-आठ बायका गोल करून उभ्या होत्या, आणि स्टुलावर बसून एक गोरी म्हातारी डफ वाजवत होती. आपल्या दिमडीपेक्षा मोठा, कडेला पत्र्याच्या चकत्या. डावा हात डफ नाचवत होता, उजव्याचा अंगठा चामड्यावर घासत होता. एक, दोन, तीन, एक, दोन, तीन, पण इतक्या जलद की मोजणारा मागे पडावा.

तिचं नाव कार्मेला. इटलीच्या अगदी दक्षिण टोकाची, लग्न करून पन्नास वर्षांपूर्वी सिंगापूरला आलेली. तिचं इंग्रजी आणि माझं पोस्टाच्या खिडकीतलं इंग्रजी यांचं चांगलं जमलं. मी आत शिरल्या शिरल्या विचारलं, “तुम्ही बुधवारीही वाजवत होतात ना, याच वेळी?”

“मी दीड महिना इटलीत होते. काल रात्री परत आले. आजचा पहिला वर्ग.”

मी कुमुदताईंकडे पाहिलं नाही.

कार्मेलानं सगळ्यांसाठी नाचाची हकिकत सांगितली. तिच्या आजीच्या गावी बायका कापणीला जात. तिथं कोळी चावे, आठ पायांचा. चावलेली बाई जेवत नसे, बोलत नसे, कोपऱ्याकडे बघत बसे. मग तिच्या घरी वाजवणारे बोलवायचे. जमिनीवर पांढरी चादर, दोरीवर रंगीत रुमाल. वाजवणारे एकामागून एक चाली वाजवून बघत. हजारांतली एखादी चाल कोळ्याला लागू पडे, मग बाई उठून नाचू लागे, आणि ती आपण होऊन थांबेपर्यंत वाजवणाऱ्यानं हात थांबवायचा नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन. तिनं डफ उलटा करून दाखवला. चामड्यावर जुने तपकिरी डाग होते. “माझ्या आजीचा अंगठा,” ती म्हणाली, जसं आपण आजीचं पातेलं दाखवावं.

“आणि कोळी मरायचा?” मी विचारलं.

“नाही. कोळी झोपतो. पुढच्या उन्हाळ्यात परत उठतो.”

आता हसत खेळत शिकवायचा नाच आहे, असं ती म्हणाली. लग्नात नाचतात, जत्रेत नाचतात. बायका जोडीनं समोरासमोर आल्या. पाऊल अगदी लहान, चवड्यांवर, जणू जमीन तापलीय. हात कमरेवर, मध्येच रुमाल डोक्यावरून फिरवायचा, पाठीला पाठ लावून घसटून जायचं. आपला झिम्मा आणि फुगडी यांच्या मधलं काहीतरी, पण झिम्म्यात बाई हसते आणि इथं हसता हसता चेहरा कधी बदलतो ते कळत नाही.

ताल वाढत गेला. एकेक जोडी दमून बाजूला झाली. शेवटी चादरीवर एकटी जोसेलिन राहिली, चाळिशीची चिनी बाई, दवाखान्यात नर्स. तिचा अंबाडा सुटला. मान मागेपुढे हलायला लागली. डोळे अर्धे मिटलेले, आणि तोंडातून हूं, हूं असा आवाज.

आता आम्ही दोघींनी काय करावं? आमच्याकडे नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात. धूप दिलेली घागर हातात घेऊन फुंकत नाचायचं, एखादीच्या अंगात देवी येते. मग बायका तिला हळदकुंकू लावतात आणि अडलेले प्रश्न विचारतात. तो हूं, हूं आवाज आम्हा दोघींच्या ओळखीचा. कुमुदताईंनी माझं मनगट धरलं.

“आलीय,” त्या म्हणाल्या. “विहीणबाई, कुंकू आहे ना तुमच्याकडे? तुम्ही लावा. मी कशी लावू?”

माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, पण कुंकू मी सोडलेलं नाही आणि करंडा माझ्या पर्समध्ये असतोच. मी चादरीवर पाऊल टाकलं आणि जोसेलिनच्या कपाळाला बोट टेकवलं. तिचं कपाळ गार होतं. इतकं नाचलेल्या बाईचं कपाळ गार कसं, हे माझ्या मनात येतंय तोवर ती जागच्या जागी थांबली, डोळे उघडले, आणि नळाचं पाणी बंद केल्यासारखा चेहरा नेहमीचा झाला.

कार्मेलाचा हात मात्र थांबला नव्हता. ती ओरडली नाही, पण डफाच्या वरून तिचे डोळे माझ्यावर होते.

“नाचणाऱ्या बाईला शिवायचं नसतं,” ती म्हणाली. “शिवलात, आता तुम्हाला नाचावं लागेल. मला थांबता येत नाही.”

मला हसू आलं. का ते सांगितलं पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्याच अष्टमीला, चिपळूणला सासरी, मी अंगात आणलं होतं. आणलं म्हणजे आणलंच. मागीलदारी तीस माणसांची भांडी पडली होती आणि देवी आलेल्या सुनेला भांडी घासायला लावत नाहीत, एवढं मला कळत होतं. तेविसाव्या वर्षी मी स्वतःला मोठी नटी समजत असे. केस सोडले, डोळे फिरवले, आणि एका पापणीखालून कोण कोण घाबरलंय ते बघत राहिले. चुलतसासूबाई पुढे आल्या. त्यांचा मुलगा घरातून निघून गेला होता. “माझा वसंता कधी येईल?” त्यांनी विचारलं. मी घोगऱ्या आवाजात सांगितलं, दिवाळीला. त्या बाईनं अकरा दिवाळ्या त्याचा पाट मांडला. बाराव्या दिवाळीला त्याच राहिल्या नाहीत. भांडी मात्र माझी वाचली.

म्हणून अंगात येण्यातलं मला सगळं कळतं. आणि म्हणूनच, कुमुदताई चादरीवर माझ्यासमोर आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि त्या तालात पाय टाकत म्हणाल्या, “सांगा आता, यांचं काय राहिलंय?” तेव्हा त्या कुणाला विचारताहेत हे मला कळेना, पण उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. “पुण्याला जा.” एवढंच म्हणायचं. ऋचाचं काम फत्ते. मी ओठ घट्ट मिटले. शपथेवर सांगते, मिटले. पुन्हा कुणाला पाट मांडायला लावायचा नव्हता.

आम्ही गोल फिरत होतो. फुगडीच म्हणा. माझे गुडघे दुखत नव्हते, याचं नवल मला नंतर वाटलं. भिंतीवरचे रुमाल लाल, पिवळे, हिरवे एकमेकांत मिसळले. कार्मेलानं चाल बदलली, मग परत बदलली, आणि तिसऱ्या चालीला कुमुदताईंचा चेहरा उतरत्या उन्हासारखा सैल पडला. धा धी ना, धा ती ना. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. आणि पुरुषाचा आवाज आला, जाड, थोडा खोकल्यातला.

“कुमे, चहा नको मांडूस आता. मला घरी जायचंय. घरी जाऊ.”

हात सुटले. कुमुदताई चादरीवर मटकन बसल्या. मी भिंतीला टेकले. कार्मेलानं डफ मांडीवर उतरवला आणि अंगठा तोंडात घातला. त्याचं कातडं सोललं होतं. कुणीतरी पाण्याच्या बाटल्या आणल्या, कुणीतरी करी पफ वाटले. आपल्या करंजीसारखे, आत बटाटा. मी तीन खाल्ले. एवढी भूक मला बाळंतपणातही लागली नव्हती.

निघालो तो दिवस

शनिवारी संध्याकाळी कुमुदताईंनी अण्णांचा कप धुऊन कपाटात वर ठेवला. रविवारी बॅग काढली. ऋचा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, “आई, काय केलंस तू?” मी म्हटलं, “मी काही केलं नाही, त्यांनीच स्वतःला सांगितलं.” माझं मत पक्कं होतं. माणसाला जे करायचं असतं पण धीर होत नसतो, ते तो कधी कधी दुसऱ्याच्या आवाजात बोलून टाकतो. मी भांड्यांसाठी केलं, त्यांनी घरासाठी. सोंग म्हणायचं तर चांगलं वठलं होतं. पापणीखालूनही त्यांनी बघितलं नव्हतं.

ईरा आता चारला सरळ वर यायला लागली. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडून आम्हा दोघींसाठी पिशवीतून थंड चहा आणायची, त्यात दूध इतकं गोड की चमचा उभा राहावा. टेबलावर एकदाही बोटं वाजली नाहीत. मी मुद्दाम बसून पाहिलं.

विमानतळावर मंदार सामानाच्या रांगेत होता, ऋचा त्याच्याबरोबर. आम्ही दोघी आणि ईरा खुर्च्यांवर बसलो होतो. मला राहवलं नाही.

“कुमुदताई, रागावणार नसाल तर एक विचारू? त्या दिवशी तुम्ही जे बोललात, ते ठरवून बोललात की आपसूक आलं?”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“मी कुठं बोलले? तुम्ही बोललात.”

“मी नाही हो. मी तर ओठ मिटून घेतले होते. तुमचे ओठ हलताना मी बघितले.”

“मी तुमच्या पाठोपाठ म्हणत होते. मनातल्या मनात. ऐकू नीट यावं म्हणून.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “कुमे. एकोणीस वर्षांची असल्यापासून ते मला चार भिंतींत कुमे म्हणत. मंदारलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

मी ईराकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “इट वॉज यू, आज्जी. तू आजोबांसारखी बोललीस. मी घाबरले नाही बट.”

“नीट आठव हं.”

“आठवतंय ला. तू खोकललीस पण.”

पन्नास वर्षं झाली, असल्या प्रसंगात कोण सोंग करतंय ते सगळ्यांत आधी मला कळत आलंय. त्या खुर्चीवर बसून मी त्या खोलीतला एकेक क्षण परत आठवून पाहिला. मिटलेले ओठ आठवत होते. मग तो आवाज. पण आवाजाच्या वेळी ओठ मिटलेलेच होते का, ते आठवत नव्हतं. तेवढी जागा कोरी होती.

“हे बघा,” मी सुरुवात केली.

“नको,” कुमुदताई म्हणाल्या. “सोंग होतं की खरं होतं, ते मला सांगू नका. मला विमानात बसायचंय.”

मंदारनं पाया पडून निरोप घेतला. ईरानं दोघींना मिठी मारली. माझ्यापाशी जरा कमी वेळ थांबली, किंवा मला तसं वाटलं असेल. आत तपासणीच्या पुढे लांबलचक गालिच्याची वाट आहे. एरवी कुमुदताई तुरुतुरु पुढे पळतात, बाजारात मला त्यांच्या मागे धापा टाकत जावं लागायचं. मी थांबून त्यांना म्हटलं, व्हा पुढे.

“नाही, तुम्ही व्हा,” त्या म्हणाल्या. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि गेटपर्यंत त्या माझ्यामागून चालत आल्या, एक पाऊल मागे राहून, जशा त्या अण्णांच्या मागून चाळीस-पन्नास वर्षं चालत आल्या होत्या.